नाव तेच, पत्ता वेगळा

व्हिएतनामच्या राजधानीत, हनोईत, आमचे ५०० डॉलर गेले. तेव्हाच्या दराने रुपयांत साधारण बेचाळीस हजार. चोरी नव्हे, पाकीटमारीही नव्हे. आम्ही ते स्वतःच्या हाताने, चहा पीत, हसतमुखाने दिले. डिसेंबरात आणि उन्हाळी सुट्टीत आपल्याकडची बरीच कुटुंबं तिकडे जातील, म्हणून जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं गेलो होतो. मी, नवरा, चौदा वर्षांची लेक आणि सासूबाई. पाच दिवसांचा बेत मी दोन महिने आखत होते. हो ची मिन्ह यांची समाधी फक्त सकाळी उघडी असते आणि सोमवार-शुक्रवार बंद असते, हेसुद्धा वहीत लिहून घेतलं होतं. पहिला दिवस होआन किएम तळं आणि जुन्या शहरातल्या गल्ल्या, दुसरा दिवस समाधी आणि १०७० साली उभारलेलं विद्यामंदिर, तिसरा-चौथा हालाँगच्या समुद्रात बोटीवर मुक्काम आणि पाचवा निन्ह बिन्ह. सासूबाई माळकरी, शुद्ध शाकाहारी. त्यामुळे कुठल्या गल्लीत त्यांना काय खाता येईल याची वेगळी यादी.

हालाँगच्या सहलीसाठी एका कंपनीबद्दल खूप चांगलं वाचलं होतं. लोकांनी जेवणाचं, गाइडचं, खोल्यांचं तोंडभरून कौतुक केलं होतं. ठाण्याहूनच पैसे भरावेत असं नवऱ्याचं मत होतं. मी म्हटलं, तिथे जाऊन समोरासमोर बोलू, आईंच्या जेवणाचं नीट सांगता येईल. कंपनीचं नाव मी वहीत लिहिलं. पत्ता लिहिला नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीमुळे झालं.

हनोईच्या जुन्या शहरात पूर्वी प्रत्येक गल्लीत एकेक माल विकला जायचा आणि गल्ल्यांची नावं आजही तीच आहेत. 'हांग' म्हणजे माल. हांग बाक म्हणजे चांदीची गल्ली, हांग बो टोपल्यांची, हांग बे तराफ्यांची. आपल्या कानाला ही नावं सारखीच लागतात आणि गल्ल्याही सारख्याच दिसतात. अरुंद घरं, खाली दुकान, फुटपाथवर दुचाक्या आणि छोटी प्लॅस्टिकची स्टुलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉटेलकडे परतताना लेकच म्हणाली, "आई, ते बघ, तुझ्या वहीतलं नाव!" पाटीवर तेच नाव, तोच निळा रंग. आम्ही आत गेलो.

नंतर कळलं की हनोईत हा फार जुना प्रकार आहे. एखाद्या पर्यटन कंपनीचं नाव झालं की आजूबाजूच्या गल्ल्यांत त्याच नावाची दुकानं निघतात. नाव तेच, बोधचिन्ह जवळजवळ तेच. एखादं अक्षर किंवा एखादा जोडशब्द तेवढा वेगळा. आपल्याला व्हिएतनामी वाचता येत नाही, त्यामुळे तो फरक दिसत नाही.

आतल्या मुलीचं इंग्रजी छान होतं. तिने आईंना खुर्ची दिली, चहा आणला. फोटोंचा अल्बम दाखवला. मोठ्या काचेच्या खिडक्यांच्या खोल्या, गच्चीवर आरामखुर्च्या. शाकाहारी जेवण? "नो प्रॉब्लेम." कयाक, म्हणजे वल्हवायची छोटी होडी? तीही त्यातच धरलेली. माणशी १२५ डॉलर. उद्याच्या फक्त दोन खोल्या उरल्या आहेत, असंही तिने सांगितलं. नवरा म्हणाला, हॉटेलवर जाऊन विचार करू. त्यावर ती म्हणाली, तासाभरात त्या जातील. कार्ड पुढे केलं तर मशीन बंद. दोंग, म्हणजे तिथलं चलन, मोजायला लागलो तर म्हणाली, डॉलरच द्या, तुम्हाला सोपं. खरं तर व्हिएतनाममध्ये दुकानातले व्यवहार दोंगमध्येच करायचा नियम आहे आणि हे मी वाचलेलं होतं. त्या क्षणी उठायला हवं होतं. आई दिवसभर चालून थकल्या होत्या, उद्याच हालाँगला निघायचं होतं, मी ५०० डॉलर मोजून दिले. हाताने लिहिलेली पावती मिळाली, पूर्ण व्हिएतनामीत.

सकाळी मिनीबस तासभर उशिरा आली. अडीच तासांनी तुआन चाऊच्या धक्क्यावर पोहोचलो. तिथल्या बहुतेक बोटी पांढऱ्या. २०१२ साली प्रशासनानेच त्या पांढऱ्या रंगवायला लावल्या, त्यामुळे लांबून सगळ्या एकसारख्या दिसतात. आम्ही आपले अल्बममधली बोट शोधत राहिलो आणि आम्हाला नेऊन बसवलं एका जुन्या, छोट्या बोटीत. खोली खालच्या मजल्यावर, इंजिनाला लागून. हातभर खिडकी. डिझेलच्या वासाने लेकीला उलट्या झाल्या. कयाकचे पैसे वेगळे मागितले. आणि जेवणात मासे, कोळंबी, डुकराचं मांस, भाज्यासुद्धा नुओक माम म्हणजे माशाच्या सॉसमध्ये परतलेल्या. शाकाहारी कुणी आहे, असा निरोप बोटीवर पोहोचलाच नव्हता.

इथे गाइडबद्दल लिहायलाच हवं. विशीतला मुलगा. आई नुसता भात चिवडत बसलेल्या बघून तो स्वयंपाकघरात गेला आणि साधं तेल-लसूण घालून परतलेली हिरवी भाजी आणि टोफू घेऊन आला. आईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, ही तर आपली नाळीची भाजी!" वसईला त्यांच्या लहानपणी तळ्याकाठी उगवायची. त्या मुलाने मला बाजूला घेऊन पावती वाचून दाखवली. त्यात बोटीचं नाव नव्हतं, खोलीचा प्रकार नव्हता, जेवण नव्हतं, कयाक नव्हतं. फक्त 'हालाँग, दोन दिवस एक रात्र, चार माणसं' एवढंच. दुकानदार पैसे घेतो आणि ज्या बोटीवर स्वस्तात जागा मिळेल तिथे माणसं पाठवतो, असं त्याने सांगितलं. आमच्याच बोटीवरच्या एका जोडप्याने माणशी ७० डॉलर दिले होते.

हालाँग स्वतः फार सुंदर आहे. पहाटे गच्चीवर गेलो तेव्हा धुक्यातून एकेक डोंगर वर येत होता आणि आईंनी हात जोडले होते. ते दृश्य फसवणुकीमुळे कमी झालं नाही, पण त्या वेळीही माझ्या डोक्यात पावतीच फिरत होती, याचं आजही वाईट वाटतं.

परतल्यावर थेट त्या दुकानात गेलो. ती मुलगी नव्हती. एक माणूस होता, त्याने पावतीवर बोट ठेवलं: लिहिलंय ते सगळं मिळालं ना? आणि खरंच, लिहिलेलं सगळं मिळालं होतं. पोलिसांत जायचं तर दाखवायला काय होतं?

तिथून बाहेर पडलो ते रागात आणि समोर आली ती टॅक्सी पकडली. मीटर झाला ४८ हजार दोंग. तेव्हा एका रुपयाला साधारण ३०० दोंग मिळत होते, म्हणजे दीडशे-एकशे साठ रुपये. नवऱ्याने ५ लाखांची नोट दिली. ड्रायव्हर खाली वाकला आणि २० हजारांची नोट वर धरून "ट्वेंटी, ट्वेंटी" म्हणू लागला. दोन्ही नोटा निळसर, दोन्हींवर हो ची मिन्ह यांचाच चेहरा, गाडीत अंधार. नवऱ्याला वाटलं आपलीच चूक झाली. त्याने आणखी ५० हजार दिले. हॉटेलवर पैसे मोजल्यावर लक्षात आलं. या नोटांच्या मागच्या बाजू बघून ठेवा. २० हजारांवर होई आनचा छप्पर असलेला पूल आहे, ५ लाखांवर हो ची मिन्ह यांचं जन्मगावचं घर. ५ लाखांच्या नोटा पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि टॅक्सीत त्या काढूच नका. द्यायचीच वेळ आली तर आकडा मोठ्याने म्हणत, दिवा लावायला सांगून द्या. त्यापेक्षा ग्रॅब या ॲपवरून गाडी मागवा, भाडं आधीच दिसतं. मात्र विमानतळावर "ग्रॅब, ग्रॅब" म्हणत जवळ येणाऱ्या माणसाच्या गाडीत बसू नका. ॲपवर आलेला नंबर गाडीच्या पाटीशी जुळवा.

हॉटेलच्या काउंटरवरच्या ताईंनी पावती बघितली आणि मान हलवली. त्यांनी नकाशावर खऱ्या कंपनीचा पत्ता काढून दिला. त्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे. पाचव्या दिवशी निन्ह बिन्हला जायचं सोडून मी तिथे गेले. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकलं. ते दुकान आमचं नाही, एवढंच त्या म्हणू शकत होत्या. मला त्यांचंही वाईट वाटलं. नाव त्यांचं आणि शिव्या त्यांना.

हाच सारखेपणा व्हिसालाही आडवा येतो. भारतीयांना व्हिसा लागतो. ई-व्हिसा काढला आणि एकदाच प्रवेश असेल तर सरकारी शुल्क २५ डॉलर. पण शोधायला गेलात की सरकारी वाटतील अशा खाजगी संकेतस्थळांची रांग लागते आणि ती कितीतरी जास्त पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट व्हीएन' आहे का, ते बघूनच कार्डाचा नंबर टाका.

शाकाहारी लोकांसाठी एक चांगली गोष्टही सांगते. पाटीवर 'चाय' असं वाचता येईल असा शब्द दिसला तर तो चहा नव्हे, शाकाहारी जेवण. तिथले बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी असं जेवतात, त्यामुळे अशी उपाहारगृहं गल्लीगल्लीत सापडतात. आईंनी शेवटच्या दिवशी तिथे पोटभर फो, म्हणजे तिथलं नूडल्सचं सूप, खाल्ला, अळंब्यांच्या रश्शातला.

डिसेंबरात माझी बहीण जाते आहे. मी तिला सांगितलं, कंपनीच्या नावापुढे घर क्रमांक आणि गल्ली लिहून घे, पावती इंग्रजीत माग, बोट दिसेपर्यंत सगळे पैसे देऊ नकोस. काल तिने पावतीचा फोटो पाठवला. बोटीचं नाव आहे, खोली वरच्या मजल्यावर असं लिहिलं आहे, कयाक आहे, दोघांपुढे 'चाय' आहे, निम्मी रक्कम कार्डाने भरलेली आहे. घर क्रमांक मी नकाशावर दोनदा तपासला.