फ्लेम्ससाठी कॅन्डी की सॉलिड कलर?
गाडीवर फ्लेम्स, म्हणजे ज्वाळांचं डिझाइन, मारायच्यात ना, मग आधी हे ठरवा. सॉलिडचं, म्हणजे साध्या अपारदर्शक रंगाचं, काम सरळ आहे, दोन-तीन कोटांत रंग झाकतो, फक्त काळ्या बॉडीवर पिवळा डायरेक्ट मारू नका, खाली पांढरा बेस द्या नाहीतर कोटावर कोट मारत बसाल आणि मास्किंग टेपच्या कडेला अशी जाड पायरी होईल की ती क्लिअरमध्ये (वरच्या पारदर्शक थरात) बुडवता बुडवता नाकी नऊ येतील.

कॅन्डीचं तसं नाही. ती पारदर्शक, त्यामुळे खाली सिल्व्हर किंवा गोल्ड मेटॅलिक लागतंच, उजेड आत जाऊन परत येतो म्हणून ज्वाळा आतून पेटल्यासारख्या दिसतात, पण प्रत्येक कोटाला शेड गडद होत जाते, म्हणजे स्प्रे गनचा हात एका जागी डबल पडला की पट्टा दिसलाच समजा! टोकांना हळूहळू गडद होत जाणारा फेड मात्र हिच्यातच भारी येतो. ओरखडा पडला तर पॅच मॅच करणं महाकठीण, आणि डायवाली (विरघळणाऱ्या रंगाची) कॅन्डी उन्हात फिकी पडते ते वेगळंच.

पहिलंच काम असेल तर मी तरी सॉलिडच घेईन. टेप मात्र दोन्हीत रंग थोडा मऊ असतानाच काढा, कडक झाल्यावर ओढली की कड फाटते.