नागपूर-पुणे विमान: सव्वा तासाचा प्रवास खरा किती तासाचा (पाचपैकी साडेतीन स्टार)

आईला घेऊन पहिल्यांदा विमानानं पुण्याला गेलो, भावाकडे. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात. नागपूर ते पुणे हवेतून साधारण 600 किलोमीटर, ॲपवर वेळ दिसते सव्वा ते दीड तास, आणि त्यातही विमान जागचं हललं तिथपासून पुण्याला जाऊन उभं राहीपर्यंतचा टाइम धरलेला असतो, हवेत तर तासभरच. पण आपल्यासारख्या गावाकडच्या माणसानं घराच्या दारापासून मोजावं. आम्ही सकाळी सहाला निघालो, वणीहून एसटी, वरोरा, जाम, बुटीबोरी करत दहाला विमानतळाजवळ वर्धा रोडवरच उतरलो. नागपूर स्टँडपर्यंत जाऊ नका, कंडक्टरला आधीच सांगून ठेवा, विमानतळ आधी लागते.

फ्लाइट होती दीडची, सुटली पावणेचारला. कारण कोणी धड सांगेना. उड्डाण इतकं लेट झालं, म्हणजे दोन तासांवर, तर नाश्ता-पाणी द्यायचा डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आहे, मी काउंटरवर जाऊन बोललो तेव्हा कुठं सँडविच आलं. बाजूला एक म्हातारं जोडपं तसंच बसून होतं, त्यांना कोणी विचारलं पण नाही, याचा मला खरंच राग आला. लेट आणि हे, याचेच दीड स्टार कापले.

बॅगेत 15 किलो चालते, हातात 7. आईनं भावासाठी खोबऱ्याच्या वाट्या बांधल्या होत्या, त्या काढायला लावल्या. सुक्या खोबऱ्यात तेल असते, ते आपोआप तापून पेट घेऊ शकते म्हणून बंदी आहे. लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत होती, ती मात्र नेऊ दिली.

भावाच्या दारात पोचायला सव्वासात. म्हणजे सव्वातेरा तास! ट्रॅव्हल्सनं संध्याकाळी पाचला बसलं तर सकाळी सात-आठला पुण्याची वाघोली येते, मग फरक काय पडला असं कोणीही म्हणेल.

फरक आईला पडला. तिला शुगर आहे, गुडघे गेलेले. ट्रॅव्हल्सनं जायचं म्हटलं की ती दुपारपासूनच पाणी पिणं सोडते, कारण रात्री ढाब्यावर बायकांसाठी धड बाथरूम नसते, आणि ड्रायव्हरला गाडी थांबव म्हणायची तिला लाज वाटते. सकाळी उतरली की पाय सुजून टम्म. हे मी इतकी वर्षं पाहून राहिलो. या वेळी विमानतळावर तिनं दोन बाटल्या पाणी पिलं, बाथरूम स्वच्छ होतं, व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवली होती, तिचे पैसे लागत नाही. ढकलणारा पोरगा "आजी, पाय वर घ्या" म्हणत इतक्या जपून नेत होता, त्याला वेगळे पाच स्टार. भावाच्या घरी चप्पल काढली तर पाय जसेच्या तसे, स्वतःच दाखवू लागली, "बाबू, पाय, सुजले नाही."

नागपूरच्या अजनी स्टेशनहून पुण्याला वंदे भारत रेल्वे पण आहे 2025 पासून, 12 तास घेते, वर्ध्याला थांबते. मी एकटा असलो तर तिनंच जाईन. आईला बारा तास खुर्चीवर बसवणार नाही. परतीचं तिकीट सकाळच्या फ्लाइटचं काढलं आहे, लेट झाली तरी वणीची गाडी उजेडात भेटते.