पॅनिक अटॅकसाठी सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) घेतली, डोंबिवलीत, १४ सेशन्स: काय झालं ते सगळं

मागच्या जूनमध्ये सकाळच्या फास्ट लोकलमध्ये, ठाणं सुटल्यावर अचानक छातीत धडधडायला लागलं, हातापायाला मुंग्या, घशाला कोरड आणि डोक्यात एकच की संपलं, हार्ट अटॅक आला. घाटकोपरला उतरून बाकड्यावर बसले, पंधरा मिनिटांत सगळं शांत. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, सगळं नॉर्मल. मग परत झालं, मग अजून एकदा, आणि ऑगस्टपर्यंत मी फास्ट सोडून स्लोने जायला लागले कारण स्लो सगळीकडे थांबते, कधीही उतरता येतं. आमच्या फॅमिली डॉक्टरांनीच सांगितलं की हे पॅनिक आहे, थेरपी घ्या.

आधी एका ठिकाणी दोनदा जाऊन आले, नाव लिहीत नाही. पॉझिटिव्ह राहा, टेन्शन घेऊ नका, असं प्रेमाने समजावलं, ऐकताना बरं वाटायचं पण घरी पोचेपर्यंत उतरून जायचं. मग मैत्रिणीने या मॅडमकडे पाठवलं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, आरसीआयचं म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं रजिस्ट्रेशन आहे (हे पहिल्या फोनवरच विचारून घ्या, विचारायला अजिबात संकोच नको). ५० मिनिटांचं सेशन, १५०० रुपये, आठवड्यातून एकदा.

पहिल्या दिवशी जीएडी-७ म्हणून चिंता मोजणारा सात प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला, आकडा जितका जास्त तितकी चिंता जास्त, २१ पैकी माझे १६ आले. मला वाटलेलं लहानपणापासूनचं सगळं खोदून काढतील. तसं नव्हतं, विचारलं थोडंफार, पण मुख्य म्हणजे "त्या दिवशी गाडीत नक्की काय झालं, पहिल्यांदा शरीरात काय जाणवलं, मग मनात काय आलं, मग तुम्ही काय केलंत" हे एकेक मिनिट करून विचारलं. आणि कागदावर एक गोल काढला. धडधड, मग "अटॅक आला" हा विचार, मग भीती, मग भीतीने अजून धडधड. ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्कनी १९८६ साली मांडलेलं हे चक्र आहे म्हणाल्या. तो कागद बघून मी रडलेच, कारण तीन महिने जे कुणाला सांगता येत नव्हतं ते एका पानावर होतं. त्यांनी घाई केली नाही, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि गप्प बसून राहिल्या.

आता गृहपाठ. हो, गृहपाठ असतो आणि रोजचा असतो. फॉर्म इंग्रजीत होते, मी म्हटलं मला घाबरल्यावर इंग्रजी सुचत नाही, तर त्यांनी दोनशे पानी वहीत मराठीत रकाने आखून दिले. त्यातली माझी एक नोंद: मुलुंडजवळ गाडी सिग्नलला थांबली. विचार, मी इथेच बेशुद्ध पडणार. किती खरं वाटतं, ९० टक्के. विरुद्ध पुरावा, आत्तापर्यंत ११ वेळा असं झालं, एकदाही पडले नाही. त्यावर मॅडमनी सांगितलं की बेशुद्ध पडताना सहसा बीपी खाली येतं, घाबरल्यावर ते उलट वर जातं. हे वाक्य मी पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. तिसऱ्या आठवड्यात वही कोरी नेली होती, घरात सासूबाई आजारी होत्या. वाटलं मॅडम ओरडतील. त्या म्हणाल्या, "बरं, मग आपण बघू वही उघडायला नेमकं कुठे अडलं" आणि तोच त्या दिवसाचा विषय झाला.

पाचव्या सेशनला स्ट्रॉ काढली. नाक दाबून एक मिनिट फक्त स्ट्रॉमधून श्वास घ्यायचा, नंतर फिरत्या खुर्चीवर गरगर फिरायचं, म्हणजे तीच धडधड आणि तीच चक्कर मुद्दाम आणायची आणि ती आपली आपण ओसरते हे बघायचं. मी नाही म्हटलं. तर त्यांनी दुसरी स्ट्रॉ घेतली आणि माझ्यासोबत स्वतःचं नाक दाबून बसल्या. त्यांचाही चेहरा लाल. "अहो येऊ दे की धडधड, आपण दोघी आहोत इथे." मला थेरपिस्टचा मायाळूपणा म्हणजे हा वाटतो. मी घाबरते म्हणून त्यांनी ते कधी टाळू दिलं नाही, आणि एकदाही ढकललं नाही.

मग शिडी केली, ० ते १०० भीतीचे आकडे लावून. प्लॅटफॉर्मवर फास्ट गाडी जाताना उभं राहणं ३०, फास्टने फक्त ठाण्यापर्यंत ६०, फास्टने घाटकोपर, दारापासून लांब आणि पाण्याच्या बाटलीशिवाय, ९५. बाटली हा माझा आधार होता आणि त्या आधारामुळेच "बाटली होती म्हणून वाचले" असं मन म्हणायचं, हे तोपर्यंत लक्षातच आलं नव्हतं. एक सेशन त्यांनी डोंबिवली स्टेशनवरच घेतलं.

न आवडलेल्या गोष्टीही सांगते. संध्याकाळचे स्लॉट मिळतच नाहीत, मला शनिवार सकाळसाठी तीन आठवडे थांबावं लागलं. १४ सेशन्सचे २१ हजार झाले, माझ्या पॉलिसीत ओपीडी नाही त्यामुळे सगळे खिशातून. आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात आधीपेक्षा वाईट वाटतं, कारण टाळलेल्या गोष्टी करायला लागतो आपण. मी तेव्हा सोडणार होते, फोन करून तसं सांगितलंही. ज्यांना खर्च परवडत नाही त्यांनी निदान बोलायला तरी टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ लावा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि छातीत दुखत असेल तर आधी हृदयाची तपासणी, थेरपी त्यानंतर.

चौदाव्या सेशनला फॉर्म परत भरला, ५ आले. डिसेंबरपासून ८.१२ च्या फास्टनेच जाते. मागच्या महिन्यात कुर्ल्याला जाताना एकदा धडधडलं, वहीतला गोल आठवला, विद्याविहारच्या पुढे गेल्यावर ओसरलं, उतरले नाही. पुढचं फॉलोअप दोन महिन्यांनी आहे, वही घेऊन बोलावलंय.