टेप लायब्ररी, वर्षभराच्या वापरानंतर: रोबोट निर्दोष, कागद दोषी

आमच्या अंधेरीतील पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओत चित्रीकरणाचे मूळ फुटेज जपून ठेवण्यासाठी दोन हाफ-हाइट (कमी उंचीचे) एलटीओ-८ ड्राइव्ह (एलटीओ या चुंबकीय डेटा-टेपच्या आठव्या पिढीच्या टेप वाचणारे-लिहिणारे) असलेली चोवीस स्लॉटची टेप लायब्ररी, म्हणजे स्लॉटांतल्या टेप रोबोटने उचलून ड्राइव्हमध्ये घालणारे यंत्र, घेतली, त्याला आता वर्ष उलटून गेले. पावसाळ्यापूर्वी लिहिले असते तर हा अभिप्राय निव्वळ कौतुकाचा झाला असता. जुलैत एका रात्री आर्काइव्हचे काम मध्येच थांबले आणि सकाळी वेब पॅनेलवर डाव्या मॅगझिनमधले (टेप ठेवण्याच्या बाहेर निघणाऱ्या कप्प्यातले) काही स्लॉट ‘भरलेला, लेबल नाही’ असे दिसू लागले. त्यानंतर सेवा कंपनीशी जो पत्रव्यवहार झाला, त्यामुळे पुढील मजकुरात थोडा कडवटपणा आला असल्यास वाचकांनी समजून घ्यावे.

यंत्राची क्षमता आणि वेग यांत मी शिरत नाही, कारण ते सारे माहितीपत्रकात आहे. माझा मुख्य आक्षेप कागदाच्या एका पट्टीवर आहे. काही लाख रुपयांच्या या यंत्रातला रोबोट टेप ओळखतो तो केवळ तिच्या कडेला चिकटवलेल्या कोड ३९ पद्धतीच्या बारकोडवरून, ज्यातली पहिली सहा अक्षरे आपण ठरवतो आणि शेवटची दोन टेपचा प्रकार सांगतात. त्याच कार्ट्रिजच्या पोटात सोळा किलोबाइटची मेमरी चिप असते, तिच्यात अनुक्रमांकापासून आधीच्या लोडच्या नोंदींपर्यंत बरेच काही साठवलेले असते आणि ती स्पर्श न करता रेडिओलहरींनी वाचता येते. तरीही आमच्या मॉडेलमध्ये ती वाचण्याची सोय फक्त ड्राइव्हमध्ये आहे, रोबोटाला नाही. मुंबईच्या दमट हवेत ज्याच्या कडा सुटतात, अशा कागदावर एवढ्या महागड्या यंत्राने विसंबावे, हे मला अजूनही पटत नाही.

या कागदाचे वजन किती असते, हे ‘एम८’ प्रकारात कळते. २०१९ मध्ये फुजीफिल्म आणि सोनी यांच्या पेटंटच्या वादामुळे एलटीओ-८ टेप बाजारात मिळेनाशा झाल्या होत्या. तेव्हा आम्ही, आधीच्या लायब्ररीत, कोऱ्या एलटीओ-७ टेपवर एम८ अशी अखेर असलेली लेबले लावून वापरल्या. लेबलाच्या शेवटी एल७ असेल तर त्याच टेपवर सहा टेराबाइट मावतात, एम८ असेल तर एलटीओ-८ ड्राइव्ह ती नऊ टेराबाइटची म्हणून तयार करतो, आणि एकदा तशी तयार झालेली टेप पुन्हा एलटीओ-७ होत नाही. तीन टेराबाइटचा फरक, आणि तो ठरवणार लेबलावरची दोन अक्षरे.

सेवा कंपनीच्या इंजिनिअरने आल्याआल्या निदान केले. “साहेब, ही लेबले बाहेर छापलेली दिसतात. ओरिजिनल लावा, मग बघू.” लेबले आम्ही लेझर प्रिंटरवर छापतो हे खरे, आणि त्यात बरीच बचत होते हेही खरे, परंतु त्याच तावातली लेबले उजव्या मॅगझिनमध्ये एकही चूक न होता वाचली जात होती. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा टेप हलवून पाहणे हाच मार्ग असतो. न वाचल्या जाणाऱ्या टेप उजवीकडे ठेवल्या आणि उजवीकडच्या त्यांच्या जागी आणल्या. दोष टेपबरोबर गेला असता तर लेबल दोषी, सर्व स्लॉटमध्ये पसरला असता तर बारकोड वाचणारा स्कॅनर दोषी. पण तो डाव्या मॅगझिनच्या मागच्या टोकाच्या स्लॉटांनाच धरून राहिला. हे दाखवल्यावर निदान बदलले, मात्र स्वस्त झाले नाही. आता संपूर्ण रोबोट असेंब्ली बदलायला हवी होती, आणि ती आमच्या एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) बसत नव्हती.

येथे मला सुचले ते इतकेच की टोकाच्याच स्लॉटांना त्रास असेल, तर मॅगझिन शेवटपर्यंत बसत आहे की नाही ते पाहावे. ते पूर्ण बाहेर काढून आतील खाचेत टॉर्च मारला, तर तळाशी एक कागद चिकटून बसलेला सापडला. एका ग्राहकाकडून आलेल्या टेपच्या वरच्या बाजूला कोणीतरी हाताने लिहिलेली चिठ्ठी डकवली होती. दमट हवेत डिंक सुटून ती आत पडली आणि मॅगझिन किंचित तिरके राहू लागले. लेबल त्यासाठी केलेल्या खोलगट जागेतच लावावे, इतरत्र काहीही चिकटवू नये, अशी सूचना टेपबरोबर येतेच, पण ती वाचतो कोण! कागद काढला, इन्व्हेंटरी (रोबोटाकडून सर्व स्लॉटांची मोजदाद) पुन्हा घेतली, सगळे स्लॉट वाचले गेले. रोबोटाविषयीचे माझे मत त्या दिवशी बदलले. तिरक्या मॅगझिनमधूनही त्याने एकही टेप पाडली नव्हती. कागदाविषयीचे मत मात्र अधिकच घट्ट झाले.

दुसरा बिघाड ड्राइव्हचा होता. पहिला ड्राइव्ह सारखा साफसफाई मागू लागला, म्हणजे टेपअलर्ट या ड्राइव्हच्या ठरलेल्या इशाऱ्यांच्या यादीतला विसावा इशारा, ‘लगेच साफ करा’. क्लीनिंग टेप जास्तीत जास्त पन्नास वेळा चालते आणि तिचा अकारण वापर हेड झिजवतो, म्हणून प्रत्येक वेळी ती मुकाट्याने आत घालणे मला मान्य नव्हते. कंपनीचा सल्ला अर्थातच ड्राइव्ह बदलण्याचा होता. लॉग चाळल्यावर दिसले की इशारा दर वेळी एकच टेप चालवल्यानंतर येतो. ती दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली, तेव्हा त्यानेही तीच मागणी केली. आमच्या ड्राइव्हवर दिसणाऱ्या बिघाडाच्या संकेतांत ६ म्हणजे दोष ड्राइव्हचा किंवा टेपचा, आणि ७ म्हणजे बहुधा टेपचा. त्या टेपवर लगोलग ७ आलाच. तिच्यातला डेटा दुसरीकडे उतरवून ती बाद केली आणि दोन्ही ड्राइव्ह एकेकदा साफ करून घेतले. तेव्हापासून तक्रार नाही.

वेगाची कुरकूर करणाऱ्यांसाठी एक बाब सांगतो. बारा टेराबाइटची टेप ३०० एमबी प्रतिसेकंद या वेगाने भरायला अकरा तास लागतात, परंतु डिस्ककडून डेटा तुटक आला तर टेप थांबते, मागे जाते, पुन्हा पुढे येते, आणि अकराचे वीस तास होतात. त्यात लायब्ररीचा दोष नसतो.

विक्रेत्याने मध्यंतरी अठरा टेराबाइटच्या एलटीओ-९ ड्राइव्हचा प्रस्ताव आणला होता. तो ड्राइव्ह एलटीओ-८ टेप वाचतो व लिहितो, पण आमच्या कपाटातल्या एम८ टेप वाचत नाही, म्हणून प्रस्ताव परत पाठवला. एएमसीचे नूतनीकरण केले आहे ते फक्त ड्राइव्ह आणि पॉवर सप्लाय यांच्यापुरते. रोबोट त्यातून वगळला असून त्यापोटी वाचलेल्या रकमेतून खोलीसाठी एक डीह्युमिडिफायर घेतला आहे.