बेताच्या बजेटमधला लॅपटॉप: सात-आठ महिने रोज वापरल्यानंतर

भाषांतर आणि मुद्रितशोधन हे माझं काम. दिवसातले बरेच तास स्क्रीनच्या एका बाजूला मूळ मजकूर, दुसऱ्या बाजूला माझा मसुदा, ब्राउझरमध्ये शब्दकोश-संदर्भांच्या वीसेक टॅब आणि अधूनमधून व्हिडिओ कॉल असा सगळा पसारा असतो. गेम खेळत नाही, व्हिडिओ एडिटिंग करत नाही. लॅपटॉप घेताना बजेट बेताचं होतं. त्यातले पैसे मी प्रोसेसरवर कमी आणि स्क्रीनवर जास्त घातले. सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर सांगते, पुन्हा घ्यायची वेळ आली तर हेच करेन.

कारण असं की रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी), एसएसडी (फाइली साठवायची डिस्क), वायफाय कार्ड, बॅटरी या गोष्टी बऱ्याच लॅपटॉपमध्ये नंतर बदलता येतात. स्क्रीन, कीबोर्ड, बिजागऱ्या मात्र जशा आल्या तशाच सांभाळाव्या लागतात. बदलायला गेलात तर खर्च परवडत नाही. प्रोसेसरही बदलता येत नाही, हे खरं. पण लिहिण्या-वाचण्याच्या कामाला आजचा मधल्या फळीतला प्रोसेसर पुरून उरतो, आणि खराब स्क्रीनचा त्रास मात्र रोज होतो.

मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. एकाच नावाखाली वेगवेगळ्या स्क्रीनचे आणि वेगवेगळ्या रॅमचे लॅपटॉप विकले जातात. फरक फक्त शेवटच्या लांबलचक पार्ट नंबरात दिसतो. नाव वाचून घेतलात तर माझ्यासारखीच मशीन तुमच्या हातात पडेल याची काहीच खात्री नाही. म्हणून काय बघायचं ते सांगते.

आधी स्क्रीन. जाहिरातीत 'फुल एचडी, अँटी-ग्लेअर' एवढंच ठळक असतं. खरी गोष्ट दोन आकड्यांत असते: निट्स, म्हणजे उजेड किती, आणि रंगांची टक्केवारी, म्हणजे एनटीएससी किंवा एसआरजीबी या ठरलेल्या रंगसंचांपैकी किती रंग स्क्रीन दाखवते. स्वस्त पॅनलवर बहुतेक वेळा २५० निट्स आणि ४५ टक्के एनटीएससी लिहिलेलं आढळतं. ४५ टक्के एनटीएससी म्हणजे एसआरजीबीतले साधारण साठ-बासष्ट टक्के रंग. फोटोवाल्यांनाच याची फिकीर असते असं लोक म्हणतात, ते मला पटत नाही. वर्डमध्ये तीन जणांनी दुरुस्त्या केलेली फाइल अशा पॅनलवर उघडून बघा. एकाचा लाल, दुसऱ्याचा नारिंगी आणि तिसऱ्याचा गुलाबी हे तिन्ही रंग एकाच विटकरी छटेत जातात आणि कोणी काय सुचवलंय हे दर वेळी नावावर जाऊन बघावं लागतं. माझ्या आधीच्या लॅपटॉपवर हे रोजचं होतं. आताचं पॅनल ३०० निट्सचं आणि एसआरजीबी १०० टक्के आहे. काही कंपन्या हेच '७२ टक्के एनटीएससी' असं लिहितात. दोन्ही जवळपास एकच समजा.

रिझोल्यूशनबद्दल देवनागरीत काम करणाऱ्यांनी जास्त काटेकोर असावं. १५.६ इंची स्क्रीनवर १३६६ × ७६८ म्हणजे इंचाला जेमतेम १०० पिक्सेल. रोमन लिपीला ते कसंबसं पुरतं. आपल्याकडे मात्र 'द्ध' की 'द्व', 'घ' की 'ध', अनुस्वार आहे की नाही, हे सगळं दोन-चार पिक्सेलांवर ठरतं. त्याच आकारात १९२० × १०८० घेतलं तर इंचाला १४१ पिक्सेल मिळतात. माझा लॅपटॉप १४ इंची, १९२० × १२००, म्हणजे १६० च्या थोडं वर. मुद्रितशोधन करताना आता झूम १०० टक्क्यांवरच राहतो, पूर्वी दीडशेवर न्यावा लागायचा. १६:१० आकारामुळे उंचीही वाढते, पानावरच्या तीन-चार ओळी जास्त दिसतात. ऐकायला हे किरकोळ वाटेल, पण दिवसभर लांब परिच्छेद वाचणाऱ्याला जाणवतं. पॅनल आयपीएस प्रकारचं आहे ना, तेही बघून घ्या. टीएन प्रकारचे जुने पॅनल अजून पूर्ण गेलेले नाहीत. स्क्रीनचा कोन जरा बदलला की त्यांचे रंग उलटेपालटे होतात.

आता प्रोसेसर. इथे नावांचा गोंधळ इतका आहे की थोडं खोलात जायलाच हवं. 'रायझन ५' (एएमडी कंपनीचा) किंवा 'आय५' (इंटेलचा) एवढं वाचून काहीच कळत नाही, पुढचा आकडा वाचावा लागतो. एएमडीच्या ७००० मालिकेतल्या लॅपटॉप प्रोसेसरांत तिसरा अंक आतली रचना कोणत्या पिढीची आहे ते सांगतो. रायझन ५ ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे झेन २ (झेन हे एएमडीच्या रचनेचं नाव), आणि कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, ४. रायझन ५ ७५३०यू मध्ये तो ३ आहे, म्हणजे झेन ३, आणि कोअर ६. नावात एका अंकाचा फरक, आत दोन वेगळ्या चिपा. शिवाय ७५२०यू बरोबर फक्त एलपीडीडीआर५ रॅम चालते आणि ती मदरबोर्डला सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली असते. माझ्याकडे ७५३०यू आहे. २०२३ च्या सुरुवातीला आलेली चिप, म्हणजे मी घेतली तेव्हाही नवी नव्हती, आणि म्हणूनच बजेटात बसली. या सगळ्या महिन्यांत प्रोसेसरमुळे काम अडलं असं एकदाही झालेलं नाही. मोठी पीडीएफ ओसीआरला (चित्रातला मजकूर ओळखायला) लावली की पंखा ऐकू येतो, एवढंच.

इंटेलकडे आकड्याच्या शेवटी येणारी यू आणि एच ही अक्षरं बघा. यू साधारण १५ वॉटच्या हिशेबाने बनवलेला, एच ४५ वॉटच्या. एच जास्त जोरकस, पण गरमही जास्त होतो आणि बॅटरीही जास्त खातो. एन१०० सारखे एन मालिकेतले प्रोसेसर अगदी हलक्या कामाचे. एन१०० मध्ये चार छोटे कोअर आहेत आणि तो ६ वॉटचा आहे. मुलांना अभ्यासाला किंवा घरात ईमेल-बँकिंगला चालेल. माझ्यासारख्या पसाऱ्याला नाही.

रॅमचा अनुभव जरा सविस्तर सांगण्यासारखा आहे. लॅपटॉप ८ जीबीचा होता, मदरबोर्डवर सोल्डर केलेले ८ आणि शेजारी एक रिकामा स्लॉट. पहिले काही आठवडे तसाच वापरला. टास्क मॅनेजर उघडला की ८ च्या जागी ७.३ दिसायचे. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं की ग्राफिक्ससाठी रॅममधूनच वाटा जातो, त्याचा हा परिणाम. वर्ड, वीस टॅब आणि व्हिडिओ कॉल एकदम चालू असले की आकडा नव्वद टक्क्यांच्या पुढे जायचा. टॅब बदलली की ती पुन्हा लोड व्हायची, आणि कॉलमध्ये स्क्रीन शेअर केल्यावर माऊस अडखळायचा. नंतर त्या स्लॉटमध्ये डीडीआर४ ३२०० (रॅमचा प्रकार आणि वेग) ची ८ जीबीची पट्टी बसवली. खालचं कव्हर दहा स्क्रूंचं. दोन स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात, ते न काढता कव्हर ओढलं तर प्लास्टिकचे हूक मोडतात, तेव्हा सावकाश. आत हात घालण्याआधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. पट्टी तिरकी घालून खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् असा आवाज करून बसतात. त्या दिवसापासून टॅब पुन्हा लोड होणं बंद झालं. सोल्डर केलेली आणि बसवलेली रॅम सारखीच असल्याने ती ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे दोन्हीकडून एकाच वेळी चालते, याचा फायदा ग्राफिक्सलाही होतो.

स्पेसिफिकेशनमध्ये 'एलपीडीडीआर' दिसलं तर या वर्गातल्या लॅपटॉपमध्ये ती रॅम सोल्डर केलेली आहे असं धरून चाला. त्यात ८ जीबीचं मॉडेल घेतलंत तर ते शेवटपर्यंत ८ च. अशा वेळी पहिल्यापासून १६ घ्या नाहीतर दुसरं मॉडेल शोधा. डीडीआर४ आणि डीडीआर५ च्या पट्ट्याही एकमेकींच्या जागी बसत नाहीत. आणि एक महत्त्वाचं: २०२५ च्या अखेरीपासून डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव बरेच चढले. 'आत्ता ८ घेऊ, नंतर स्वस्तात वाढवू' हा हिशेब आता डोळे झाकून करू नका. १६ जीबीचं तयार मॉडेल आणि ८ अधिक सुटी पट्टी यांच्या किमती शेजारी मांडून बघा. रिकामा स्लॉट तरीही हवाच.

एसएसडी ५१२ जीबीची आहे. विंडोज ती ४७६ दाखवतं. मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे तो, फसवणूक नाही. एनव्हीएमई (वेगवान एसएसडीचा प्रकार) असली की पुरे. ईएमएमसी (स्वस्त साठवण चिप) लिहिलेला लॅपटॉप कितीही स्वस्त असला तरी मी घेणार नाही. ती हळू असते आणि मदरबोर्डलाच चिकटवलेली असते.

कीबोर्डवर मी समाधानी आहे, एक गोष्ट सोडून. बटणं पुरेशी खोल दबतात, अक्षरं अजून पुसट झालेली नाहीत. पण पॉवरचं बटण डिलीटच्या अगदी शेजारी, त्याच रांगेत आणि त्याच आकाराचं ठेवलंय. घाईत बोट तिकडे गेलं की लॅपटॉप झोपतो, आणि तेही कॉलच्या मध्येच. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये ते बटण दाबल्यावर 'काहीच करू नये' असं ठेवता येतं. मी ते पहिल्याच आठवड्यात केलं. वर-खालीचे बाणही अर्ध्या उंचीचे आहेत. मजकुरात सतत ओळी वरखाली करणाऱ्याला याची सवय व्हायला वेळ लागतो, मला लागला. शक्य असेल तर विकत घेण्याआधी प्रत्यक्ष कीबोर्डवर एक पानभर टाइप करून बघा.

कॅमेरा ७२०पी आहे आणि सामान्य आहे. स्पीकर बारीक आवाजाचे. मी हेडफोन वापरते, त्यामुळे दोन्हींची तक्रार नाही.

बॅटरी ४७ वॉट-अवरची. कंपन्या तासांचे जे आकडे देतात ते बहुधा कमी उजेडात एकच व्हिडिओ चालवून काढलेले असतात, म्हणून मी वॉट-अवर बघते. माझ्या कामात लॅपटॉप सरासरी ७-८ वॉट खातो, म्हणजे भागाकार केला की सहा तास, आणि प्रत्यक्षात तेवढेच मिळतात. व्हिडिओ कॉल असले तर चारच्या आसपास. बराच वेळ चार्जरला लावूनच काम होत असल्याने कंपनीच्या अ‍ॅपमधून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवून ठेवलंय. लिथियम-आयन बॅटरी भरलेल्या आणि तापलेल्या अवस्थेत पडून राहिली की लवकर म्हातारी होते. चार्जर टाइप-सी, ६५ वॉटचा. सगळ्याच लॅपटॉपचे टाइप-सी पोर्ट चार्जिंग घेत नाहीत, तेव्हा ते आधी तपासा. युरोपीय संघाने लॅपटॉपसाठी टाइप-सी चार्जिंग बंधनकारक करायला २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. वेगळ्या गोल पिनेचा लॅपटॉप आता घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

नवा घ्यायच्या आधी मी कार्यालयीन वर्गातले वापरलेले लॅपटॉपही बघितले होते. लेनोवोच्या थिंकपॅडची टी मालिका, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक यांची बांधणी आणि कीबोर्ड त्याच पैशातल्या नव्यापेक्षा बहुतेक वेळा सरस असतात, आणि उघडायचे कसे याच्या पुस्तिका कंपन्यांनीच उपलब्ध केलेल्या आहेत. ज्यांना थोडी खटपट चालते त्यांनी हा रस्ता जरूर धरावा. फक्त विंडोज १० चा सर्वसाधारण आधार, म्हणजे नेहमीची सुरक्षा अपडेट देणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. त्याखालचं मशीन घेणार असाल तर लिनक्सची तयारी ठेवा. मी बघितलेल्यांपैकी ज्यांची स्क्रीन मनासारखी होती त्यांची बॅटरी निम्म्यावर आली होती, म्हणून मी नव्याकडे वळले.

लॅपटॉप घरी आला की परत करण्याची मुदत संपायच्या आत काही गोष्टी उरकून घ्या. पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र स्क्रीनभर लावून मेलेले पिक्सेल आणि कडेने झिरपणारा उजेड बघा. झाकण एका कोपऱ्याने उचलून बिजागरी करकरते का ते ऐका. विंडोज 'एस मोड' मध्ये असेल तर फक्त स्टोअरमधली अ‍ॅप चालतात. त्यातून बाहेर पडायला पैसे लागत नाहीत, पण परत आत जाता येत नाही. डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू आहे का बघा, आणि असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बायॉस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झाल्यावर कधी कधी तीच मागितली जाते, आणि त्या क्षणी लॅपटॉप उघडत नाही, त्यामुळे की त्यात शोधता येत नाही. सोबत येणारा चाचणी मुदतीचा अँटीव्हायरस काढून टाका, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरतो. शेवटी कमांड प्रॉम्प्टमधून (आदेश टाइप करायची विंडोजची खिडकी) पॉवरसीएफजी या आदेशाने बॅटरी रिपोर्ट काढा. त्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता असे दोन आकडे मिळतात. माझे पहिल्या आठवड्यात जवळपास सारखे होते. आता ४७ हजार मिलीवॅट-अवरपैकी साधारण ४५ हजार उरलेत. नव्या लॅपटॉपमध्ये पहिल्याच दिवशी या दोन आकड्यांत मोठी तफावत दिसली किंवा चार्जिंगच्या फेऱ्या आधीच बऱ्याच झालेल्या दिसल्या, तर तो खोक्यात घालून परत पाठवा.