टायटल सर्चसोबतची ‘सुविधाधिकार तपासणी’: घ्यावी, पण नकाशा बघूनच पैसे द्यावेत

प्लॉटचा सौदा ठरत आला होता. वकिलांच्या ऑफिसने टायटल सर्चला, म्हणजे जमिनीच्या मालकीच्या कागदांच्या तपासणीला जोडून सुविधाधिकाराची तपासणीही सुचवली. म्हणजे आपण घेतोय त्या जमिनीवरून दुसऱ्या कुणाची वाट, पाणी किंवा सांडपाणी नेण्याचा हक्क आहे का, ते बघायचं. फी वेगळी. कागद स्वच्छ होते, ना बोजा ना दावा, त्यामुळे घरात कुरकुर झाली. तरी घेतली.

खरं काम केलं ते सोबत आलेल्या सर्व्हेअरने. गडी अख्ख्या प्लॉटवर पायी फिरला. मागच्या कोपऱ्यात गवताखाली चेंबरचं झाकण निघालं. उचललं तर खाली पाणी वाहतंय, आणि आमच्या जागेवर तर बांधकामच नाही! मागच्या घराची ड्रेनेज लाइन होती ती, थेट आम्ही आखलेल्या स्वयंपाकघराखालून जाणारी. सर्च रिपोर्टात तिचा उल्लेख असणं शक्यच नव्हतं, कारण ती कुठे नोंदलेलीच नाही. आर्किटेक्टने घर पुढे सरकवलं. पाया भरल्यावर कळलं असतं तर शेजाऱ्याने कोर्टातून काम थांबवलं असतं, आणि त्याचं चुकलं असंही म्हणता आलं नसतं.

कडेच्या पायवाटेबद्दल विकणारे म्हणाले, “लोक जातात, आम्ही कधी अडवलं नाही.” हे वाक्य वकीलबाईंनी लगेच पकडलं. जातात ते विचारून की हक्काने? परवानगीने जाणाऱ्याला नंतर नाही म्हणता येतं. पण वर्षानुवर्षं, उघडपणे, कुणाला न विचारता, न अडता जात असतील तर हक्क तयार होतो. इंग्लंडच्या १८३२ च्या आणि भारताच्या १८८२ च्या कायद्यात त्याची मुदत २० वर्षं आहे. मालक बदलला म्हणून तो हक्क जात नाही. शेजारच्या काकांनी मात्र स्वतःच जुन्या मालकाने दिलेली परवानगीची चिठ्ठी आणून दाखवली. प्रश्न मिटला. (वाट मी चालूच ठेवलीय, फक्त नवी चिठ्ठी माझ्या सहीची.)

आता तक्रारी. रिपोर्टाची पहिली काही पानं नुसत्या व्याख्या. नकाशात ड्रेनेज लाइन दाखवली, पण हद्दीपासूनचं अंतर नाही. ते मागून घ्यावं लागलं. शेजारच्या खिडकीत येणाऱ्या उजेडाच्या हक्काबद्दल एक अक्षर नाही, आणि मी दोन मजले चढवणार हे त्यांना माहीत होतं.

प्लॉट पाडून विकायचे असतील त्यांनी आणखी एक विचारावं: दुसऱ्याच्या जमिनीवरून आपला येण्याजाण्याचा हक्क एका घरापुरता आहे की इमारतीच्या वर्दळीलाही चालेल? हक्क असला तरी समोरच्याच्या जमिनीवरचा भार मनाला येईल तसा वाढवता येत नाही. रिपोर्टात हे शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात आहे.

पाचपैकी साडेतीन. त्यातले तीन सर्व्हेअरचे.