कौलं, पत्रा, गच्ची: सफाईसाठी विजेचा कोणता पंप घ्यावा?

छप्पर सफाईचं काम सुरू करणारा माणूस दुकानात आधी विचारतो, ‘प्रेशर किती?’ त्याआधी दोन गोष्टी विचारायला हव्यात: पंपातून कोणतं औषध जाणार, आणि काम करताना पंप कुठे असणार, पाठीवर, छपरावर की खाली अंगणात. बहुतेक पंप बिघडतात आणि बहुतेक माणसं घसरतात ती या दोन ठिकाणी.

पुढचा हिशेब कोकणातली घरं डोळ्यांपुढे ठेवून केला आहे. मंगळुरी कौलं, सिमेंटचे पत्रे, अलीकडच्या स्लॅबच्या गच्च्या, आणि चार महिन्यांच्या पावसानंतर या सगळ्यांवर साचणारं काळं-हिरवं शेवाळ. त्यासाठी बाजारात चार प्रकारचे विजेचे पंप दिसतात.

पहिला, पाठीवरचा बॅटरी पंप. 16 ते 20 लिटरची टाकी, आत 12 व्होल्टची बॅटरी आणि छोटा डायफ्रॅम पंप, म्हणजे लवचीक पडदा मागेपुढे हलवून पाणी ढकलणारा. कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळतो, स्वस्त असतो आणि त्याचे सुटे भाग तालुक्यातच सापडतात. ही शेवटची गोष्ट छोटी नाही. पण 16 लिटर पाणी म्हणजे 16 किलो, वर यंत्राचं वजन. वीस किलोंहून जास्त ओझं पाठीवर घेऊन ओल्या, उतरत्या कौलांवर चढणं मला पटत नाही. तोल जातो, आणि तोल सांभाळला तरी पायाखाली कौल फुटतं. स्वतःच्या बैठ्या घराला शिडीवर उभं राहून कडेकडेने फवारायचं असेल, पाठीवरचा पंप खाली ठेवून लांब लान्स (टोकाला नोझल असलेली फवारणीची दांडी) वापरायचा असेल, तर चालेल. धंद्यासाठी नाही.

दुसरा, सुटा 12 व्होल्टचा डायफ्रॅम पंप. तो खाली ड्रमशेजारी बसतो, बाहेरची बॅटरी त्याच्याजवळच असते, आणि वर जातो फक्त पाइप आणि लान्स. माझं मत याच्याच बाजूने आहे. साधारण 60 पीएसआय म्हणजे चार बार दाब. ऐकायला कमी वाटतो, पण पाणी दहा मीटर वर चढवायला एक बार लागतो. दुमजली घराच्या छपरापर्यंत जाऊनही फवाऱ्याला पुरेसा दाब उरतो. शेवाळ मारण्याचं काम औषध करतं, पंपाने ते फक्त सगळीकडे सारखं पोचवायचं. शिवाय ओल्या छपरावर 12 व्होल्टला विजेच्या धक्क्याची धास्ती नसते.

या पंपाच्या बाबतीत लोक फसतात ते वायरीत. बॅटरी खाली आणि पंप वर ठेवायचा म्हणून दहा मीटर बारीक वायर ओढतात. पंप दहा अँपिअर घेत असेल आणि वायर दीड चौरस मिलिमीटरची असेल, तर दोन व्होल्टहून जास्त वायरीतच जिरतात. मोटर मंदावते, तापते, आणि मग कंपनीच्या नावाने बोटं मोडणं सुरू. वायर आखूड ठेवा, पाइप लांब करा, फ्यूज बॅटरीच्या टोकाला लावा.

दुसरं दुखणं प्रेशर स्विचचं, म्हणजे दाब वाढला की पंप बंद आणि उतरला की चालू करणाऱ्या स्विचचं. पंप मिनिटाला दहा लिटर देणारा आणि नोझल तीन लिटर सोडणारं, असं जुळवलं की स्विच सतत टक-टक करत चालू-बंद होतो. आधी स्विचचे पॉइंट जळतात, मग मोटर जाते. नोझल मोठं घ्या किंवा जादा पाणी ड्रममध्ये परत सोडणारी बायपास नळी जोडा. शोषणाऱ्या नळीला गाळणी हवीच. कौलाची माती किंवा शेवाळाचा तुकडा व्हॉल्व्हमध्ये अडकला की दाब धरत नाही.

आता औषध. ड्रममध्ये मिळणारं सोडियम हायपोक्लोराइट साधारण दहा-बारा टक्क्यांचं असतं. उन्हात ठेवलं की त्याचा जोर उतरतो. एक भाग औषधात नऊ भाग पाणी घातलं की एक-सव्वा टक्क्याचं द्रावण होतं. ते पितळ, ॲल्युमिनियम आणि साधं नायट्राइल रबर खातं. म्हणून दुकानदाराला नेमकं विचारा: डायफ्रॅम सँटोप्रीनचा आहे का, व्हॉल्व्ह विटॉन किंवा ईपीडीएमचे आहेत का? (ही तिन्ही अशा औषधाला टिकणाऱ्या रबरासारख्या पदार्थांची नावं.) ‘केमिकलला चालतो’ एवढंच उत्तर आलं तर पुढच्या दुकानात जा. शेतीच्या फवारणीला बनवलेला पंप हायपोक्लोराइटला टिकेलच असं नाही. काम संपल्यावर साधं पाणी पाच मिनिटं पंपातून सोडायचं, हा नियम कितीही कंटाळा आला तरी मोडू नका. आणि ज्या ड्रममध्ये फरशी धुण्याचं ॲसिड होतं त्यात हे कधीही ओतू नका, क्लोरीन वायू तयार होतो.

तिसरा, मोटरवर चालणारा एचटीपी, म्हणजे बागेच्या फवारणीचा जास्त दाबाचा पिस्टन पंप. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आंब्याच्या फवारणीमुळे बागायतदाराकडे एचटीपी असतोच, म्हणून तोच छपराला लावायचा मोह होतो. पाणी लांब जातं, झपाट्याने काम होतं. पण त्याचं हेड बहुधा पितळेचं, आणि कीटकनाशकाचा अंश टाकीत राहिलेला. पावसाचं पाणी साठवणारं घर असेल तर नकोच. नुसत्या पाण्याने गच्ची धुवायला ठीक.

चौथा प्रेशर वॉशर. 150 बार म्हणजे 2,175 पीएसआय. स्लॅबच्या साध्या गच्चीला, पायऱ्यांना, जांभ्याच्या नव्हे तर काँक्रीटच्या कुंपणाला उत्तम. कौलांना मात्र लावू नका: जोडाच्या खालून पाणी आत घुसतं आणि कौलाचा वरचा थर खरवडला जातो, मग पुढच्या वर्षी शेवाळ आणखी घट्ट धरतं. गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा लेप असेल तर तोही उचकटतो. सिमेंटच्या पत्र्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असतं. दाबाने त्याचे तंतू सुटतात, म्हणून तिथे वॉशर पूर्ण वर्ज्य. घ्यायचाच असेल तर ब्रशवाल्या मोटरपेक्षा इंडक्शन मोटरचा घ्या. जड आणि महाग, पण रोज चालतो. जोडणी 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीतूनच (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). वर्षातून दोनदा लागणार असेल तर भाड्याने आणणं परवडतं.

बॅटरीचं शेवटी. लेड-ॲसिड बॅटरी स्वस्त, पण उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की सल्फेट धरून मरते. पावसाळ्याआधी-नंतरच काम करणाऱ्यांच्या बॅटऱ्या वापरापेक्षा माळ्यावर पडूनच जास्त खराब होतात. महिन्याला चार्जिंगला लावणं जमणार नसेल तर लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या, आणि तिचा चार्जर तिच्यासोबतचाच वापरा.